पत्रकारिता शिकवता येते

पत्रकार जन्मावाच लागतो, तो वर्गात घडत नाही, असे म्हणणाऱ्यांकडे दाखले तयार असतात. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढले, तेव्हा कुठला होता अभ्यासक्रम? टिळक-आगरकर कोणत्या पत्रकारिता विभागात शिकले? दाखले खरे आहेत, पण ते देणाऱ्यांवरच उलटतात. जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिकवणारे बहुभाषक पंडित, टिळक कायद्याचे पदवीधर, आगरकर एम. ए. नुसत्या उपजत प्रतिभेचा हा पुरावा कसा? शिवाय एवढी विद्वत्ता पाठीशी असतानाही कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या नावावरच्या पत्रांवर टिळक-आगरकरांच्या ‘केसरी’ने आणि ‘मराठा’ने विसंबून मजकूर छापला, पत्रे बनावट ठरली आणि १८८२ मध्ये या दोघा संपादकांना डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. हेतू शुद्ध होता, लेखणीही धारदार होती. हाती आलेला कागद खरा की खोटा हे पारखण्यात मात्र चूक झाली. ही पारख अंगी जन्मत नाही. तिची पद्धत असते आणि ती शिकवता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही पद्धत बातमीदार कामावरच शिकतो, त्यासाठी विद्यापीठ कशाला? एके काळी हे बऱ्याच अंशी खरे होते. नवख्याची कॉपी लाल शाईने रंगवून परत फेकणारा उपसंपादक हाच त्याचा गुरू असे. आज डेस्क रोडावले आहे, एकच माणूस बातमी लिहितो, चित्रफीत कापतो आणि मथळाही देतो. त्याला थांबवून ‘हे तुला कोणी सांगितले?’ असे विचारायला कोणाला सवड आहे? जिथे शिकवणाराच उरला नाही, त्या शाळेचा हवाला देण्यात अर्थ नाही. जोसेफ पुलित्झर स्वतः महाविद्यालयात न जाता मोठा संपादक झाला. तरीही कोलंबिया विद्यापीठात पत्रकारितेची शाळा निघावी म्हणून त्याने मोठी देणगी दिली. ती शाळा १९१२ मध्ये सुरू झाली.

राहिला नोकरीचा प्रश्न. छापील वृत्तपत्रांतल्या जागा आटल्या आणि सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, हे कबूलच. पण संवादाचे शिक्षण म्हणजे केवळ बातमीदारी, ही समजूत जुनी झाली. जिल्हा माहिती कार्यालये, रुग्णालये, बँका, सामाजिक संस्था, जाहिरात, माहितीपट या सर्वांना नेमके लिहिणारी आणि पडताळून बोलणारी माणसे लागतात. खरी तक्रार करायचीच तर विभागांविषयी करावी. काही ठिकाणी संज्ञापनाची प्रारूपे पाठ करून घेतात, काही ठिकाणी नुसती कॅमेऱ्याची बटणे शिकवतात (बटणे तर दर दोन वर्षांनी बदलतात!). २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज कसा करावा, सातबारा कसा वाचावा, महापालिकेच्या अंदाजपत्रकातली तूट कुठे दडते, न्यायालयाने निकालात म्हटले काय आणि वकिलाने बाहेर येऊन सांगितले काय, यांतला फरक कसा ओळखावा, हे अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी असायला हवे. आणि मराठीत हे लिहायचे तर मराठी शुद्ध व सोपी लिहिण्याचा सराव रोज व्हायला हवा.

म्हणून प्रवेश घेणाऱ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी स्टुडिओची चकचकीत छायाचित्रे पाहून शुल्क भरू नये. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या आणि प्राध्यापकांनी तपासलेल्या बातम्या दाखवायला सांगा. दाखवता आल्या नाहीत, तर दुसरे महाविद्यालय शोधा.