विद्यापीठाची सहल नको, विद्यापीठ शाळेत हवे

विद्यापीठांना अलीकडे शाळेतल्या पोरांचा भारी कळवळा आला आहे. २८ फेब्रुवारी उजाडला, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन आला, की प्रयोगशाळांची दारे उघडतात. अभियांत्रिकी महाविद्यालय यंत्रमानव चालवून दाखवते. वैद्यकीय महाविद्यालय बरणीत ठेवलेले काळीज आणि मेंदू दाखवते. गाडी भरून मुले जातात, तोंडात बोट घालून बघतात आणि दिवेलागणीला गावी परत येतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो छापून येतो आणि विद्यापीठाच्या अहवालात ग्रामीण लाभार्थ्यांचा आकडा पडतो.

हे वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. नारायणगावजवळ खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या, एकेकीचा व्यास ४५ मीटर. विज्ञान दिनाला तिथे खेड्यापाड्यांतली मुले स्वतः केलेले प्रयोग मांडतात. पुण्याच्या आयुका संस्थेत शाळकरी मुलांसाठी शनिवारी व्याख्याने होत आली आहेत. २०२५ साली आपल्यातून गेलेले जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. आणि उत्तर आपल्या सहीनिशी पाठवत. अशा माणसांचे उपकार मानलेच पाहिजेत.

पण आपला प्रश्न वेगळा आहे. त्या गाडीत बसायला कोणाच्या पोराला मिळते आणि गाडीतून उतरल्यावर त्याच्या हाती काय उरते?

निवड कोणाची होते?

केंद्र सरकारने २००८ साली 'इन्स्पायर' योजना आणली. तिच्यातल्या शिबिरांत मोठमोठे शास्त्रज्ञ मुलांना भेटतात. कोणत्या मुलांना? दहावीच्या परीक्षेत वरच्या १ टक्क्यात आलेल्या आणि पुढे विज्ञान शाखा घेतलेल्या. २०१६ साली 'अटल टिंकरिंग लॅब' आली. एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान. पण शाळेजवळ दीड हजार चौरस फूट बांधलेली जागा हवी, संगणक हवेत, इंटरनेट हवे. ज्याची विहीर आधीच भरलेली, त्यालाच पंप द्यायचा, असा हा प्रकार आहे.

कोरडवाहू गावातले पोर दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आईबरोबर वेचणीला जाते. शाळेत गणिताचा मास्तर असला तर असला. ते पोर वरच्या एक टक्क्यात यायचे कसे? आणि आले नाही म्हणून त्याला शास्त्र कळत नाही, हे कोणी ठरवले?

बांधावरचे शास्त्र

कोवळी किंवा पाण्याचा ताण पडलेली ज्वारी गुराने खाल्ली तर ते तडफडून मरते, हे आपल्याकडच्या आठ वर्षांच्या गुराख्याला ठाऊक असते. त्या पानांत धुरिन नावाचे द्रव्य असते. गुराने पान चावले की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. मग रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. हे उत्तम रसायनशास्त्र आहे आणि त्याची प्रयोगशाळा बांधावर उभी आहे. पण गुराख्याला जे माहीत आहे ते पुस्तकात नसते आणि पुस्तकात जो लिटमस कागद असतो तो शाळेत नसतो.

ही अडचण केवळ मार्कांची असती तर सोडून दिली असती. पण हिच्यात जीव गेले आहेत. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. शेकड्यांनी माणसे दवाखान्यात पडली. कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकट असते. तिच्या खालच्या भागात रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याच्या खाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. ही खूण नियमाने घातलेली आहे. पण तिचा अर्थ किती घरांत ठाऊक आहे? डब्यावरची बारीक अक्षरे वाचू शकणारे घरातले पहिले माणूस पुष्कळदा शाळेत जाणारे पोरच असते.

पोरांनी पंप पाठीवर घ्यावा असे कोणी सुचवत नाही. त्यांनी त्या विषाजवळही जाऊ नये. पण विष नुसते नाकातोंडातून नाही, कातडीतूनही शिरते. घामाने भिजलेला सदरा अंगाला चिकटला की ते अधिक शिरते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. लाळ गळू लागली, डोळ्याची बाहुली बारीक झाली, दरदरून घाम सुटला तर घटकाभर न थांबता दवाखाना गाठायचा आणि डबा सोबत न्यायचा, एवढे सातवीच्या वर्गात नीट शिकवले तर ते त्याच संध्याकाळी घरी पोहोचते. वैद्यकीय महाविद्यालयाने आमच्या पोरांना बरणीतले काळीज जरूर दाखवावे. त्याच्या आधी हे सांगावे.

सातपुड्यापलीकडे काय झाले?

विद्यापीठाची माणसे खेड्यातल्या शाळेत येऊन बसतील, हे स्वप्नरंजन आहे असे कोणाला वाटेल. तर हे एकदा झालेले आहे आणि फार लांब नाही. अमरावतीकडून सातपुडा ओलांडला की बैतूल लागते. त्याच्या पलीकडचा नर्मदाकाठचा जिल्हा होशंगाबाद. आता त्याचे नाव नर्मदापुरम.

१९७२ साली तिथल्या खेड्यांतल्या १६ शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांत, विज्ञान वेगळ्या रीतीने शिकवायला सुरुवात झाली. पुढाकार किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांचा, परवानगी सरकारची. मुंबईच्या टाटा संस्थेतले शास्त्रज्ञ आणि पाठोपाठ दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक तिथे जाऊन शिक्षकांच्या मांडीला मांडी लावून बसले. घोकंपट्टी बंद. चार-चार मुलांची टोळी करायची, प्रयोग स्वतः करायचा आणि जे दिसले ते वहीत लिहायचे. पुस्तकात तयार उत्तरे नव्हती, प्रश्न होते. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती, कारण पाठांतर तपासायचेच नव्हते. मुलांनी मनातले प्रश्न 'सवालीराम' या नावाने पत्रात लिहून पाठवायचे आणि त्यांना उत्तर जायचे.

टेल्कोतले अभियंते अरविंद गुप्ता १९७८ साली पुण्याहून रजा काढून तिथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन केले. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण जागचा हलत नाही. गोठ्याच्या छपराला त्रिकोणी आधार का देतात, हे पोराला दोन मिनिटांत आणि चार आण्यांत कळते. त्याला २० लाखांची लॅब लागत नाही.

१९७८ पासून हा कार्यक्रम सगळ्या जिल्ह्यात गेला. १९८२ साली 'एकलव्य' संस्था निघाली आणि तो इतर जिल्ह्यांत पसरला. २००२ साली मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला. राज्यभर एकच पुस्तक हवे, आणि या पद्धतीने शिकलेली मुले पुढे दहावीला मागे पडतात, असा आक्षेप होता.

तीस वर्षांचे काम असे थांबले, यात आपल्याला शिकण्यासारखे आहे. शास्त्रज्ञ आले, शिक्षक तयार झाले. पण जो कार्यक्रम सरकारच्या परवानगीवर चालतो तो परवानगी गेली की जातो. पालकांच्या मागणीवर उभा असलेला कार्यक्रम मोडणे सरकारला तितके सोपे नसते.

मार्कांची धास्ती मात्र खरी आहे. शेती पिकत नाही म्हणून बापाने पोरावर आशा ठेवली आणि तिथेही खेळ झाला, असे कोणाला चालेल? या धास्तीला उत्तर मुंबईत मिळाले होते. टाटा संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढले. वि. गो. कुलकर्णी त्याचे प्रमुख. या केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला काम केले. पुढे मुंबईत महापालिकेच्या शाळांतली दलित मुले घेऊन काम केले. त्यांना आढळले की मुलांची बुद्धी कमी नाही, पुस्तकाची भाषा आड येते. भाषा सोपी केली, मुलांना बोलते केले, प्रश्न विचारायला लावले, हे एक दिवस नव्हे तर सतत केले. मुलांचे शालान्त परीक्षेतले गुण वाढले. समजून शिकलेले पोर परीक्षेतही मागे पडत नाही, हे तिथे दिसले.

आपण काय मागायचे?

अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ सालचे, परभणीचे १९७२ सालचे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला तिथल्या मुलामुलींना काही महिने गावात काढावे लागतात. ती येतात, गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, सही घेतात आणि जातात. आपली पहिली मागणी अशी की या मुलांनी गावात असेपर्यंत आठवड्यातला एक दिवस गावच्या शाळेला द्यावा. यासाठी नवी योजना नको, नवा पैसा नको, कुलगुरूंचे एक पत्रक पुरे.

शाळेत काम कोणते करायचे? गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायचे. पेरणीनंतर दीड महिन्याने कामगंध सापळे लावायचे. सापळ्यात रोज किती पतंग पडले ते सातवीच्या पोरांनी शाळेच्या फळ्यावर लिहायचे. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तर उपाय करायची वेळ आली, असे शास्त्रज्ञच सांगतात. तो फळा सगळा गाव वाचेल. अळीचा जीवनक्रम, सरासरी आणि आलेख, सगळे त्यातच शिकून होते.

तसाच पाऊस. महसूल मंडळाला एक स्वयंचलित केंद्र असते आणि आपल्याकडे एका धुऱ्यावर पाऊस तर दुसऱ्यावर ऊन. शाळेच्या पटांगणात पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला मोजायचा, वहीत लिहायचा. विमा कंपनी ही वही आज मानणार नाही. न मानो. पण दहा गावांच्या दहा वर्षांच्या वह्या टेबलावर ठेवल्या तर बोलताना आपले हात रिकामे राहणार नाहीत.

वैद्यकीय महाविद्यालयांना सेवाग्रामचे उदाहरण दाखवावे. १९६९ साली निघालेल्या त्या महाविद्यालयात प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी तिथे राहतात आणि कुटुंबांशी संबंध ठेवतात. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सरकारी महाविद्यालयांनी फवारणीच्या हंगामाआधी शाळांत यावे, एवढे तरी करावे. आणि सहली काढायच्याच असतील तर नावे मार्कांवर काढू नयेत, चिठ्ठ्या टाकून काढाव्यात. वेचणीला जाणाऱ्या मुलीचीही चिठ्ठी त्या डब्यात पडली पाहिजे.

काही भाऊ म्हणतील, भावाचे बोला, हे पोरांचे काय काढले? भावाचे बोलायचेच आहे. पण उत्पादनखर्चाचा हिशेब, विम्याचा उंबरठा, पावसाचे आकडे, सगळे मोजणारा माणूस आजवर दुसऱ्याचा राहिला. मोजणारा आपल्या घरात असला तर पुढचा वाद त्याच्या वहीवर होईल.

येत्या जिल्हा बैठकीत प्रत्येक तालुक्याने दोन शाळांची नावे आणावीत. त्या शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत आपले आईबापच आहेत. त्यांचे ठराव सोबत आणावेत. कुलगुरू आणि अधिष्ठाता यांना पत्रे मे महिन्यातच गेली पाहिजेत. जूनमध्ये पेरणी झाली की सापळे लावायला हातात दीडच महिना राहतो.