एका वर्षासाठी कशाला?

२८ मे २०१८, सोमवार. पालघर लोकसभा मतदारसंघातील पोटनिवडणुकीचा दिवस. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही मतदान केंद्राकडे निघालो असता वाटेत एका घराच्या ओट्यावर चारपाच मंडळी गप्पा मारीत बसलेली दिसली. सगळी ओळखीची, रविवार न चुकविणारी, धर्मग्रामाच्या प्रत्येक कार्याला पदरमोड करणारी माणसे. मतदान झाले का, असे आम्ही विचारताच त्यांतील एक ज्येष्ठ हसून म्हणाले, ‘फादर, एका वर्षासाठी कशाला? पुढच्या वर्षी मोठी निवडणूक आहेच की!’ आम्ही दोन शब्द सुनावले. त्यांनी ते नेहमीच्या सौजन्याने ऐकून घेतले. त्यानंतर कोणी उठले की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही.

ते वाक्य आम्ही विसरूनही गेलो असतो. परंतु पाच वर्षांनी तेच वाक्य, कायद्याचा अंगरखा घालून, थेट भारताच्या निवडणूक आयोगाच्या मुखातून ऐकण्याची वेळ आली. तेव्हा आमच्या ध्यानात आले की ओट्यावरची सबब आणि आयोगाची सबब या सख्ख्या बहिणी आहेत, आणि एकीला धडा शिकवायचा तर दुसरीलाही मोकळे सोडता येत नाही.

प्रथम आयोगाकडे वळू. पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचे २९ मार्च २०२३ रोजी निधन झाले. ३० मे रोजी चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर गेले. लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम १५१-क सांगते की रिकामी झालेली जागा सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घेऊन भरली पाहिजे. याला अपवाद दोनच. सभासदत्वाचा उरलेला काळ एक वर्षाहून कमी असेल तर. किंवा मुदतीत निवडणूक घेणे कठीण असल्याचे आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले तर. सतराव्या लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती. म्हणजे पुण्याच्या बाबतीत साडेचौदा महिने शिल्लक होते आणि चंद्रपूरच्या बाबतीतही वर्षावर काही दिवस. पहिला अपवाद लागू नव्हता. म्हणून दुसऱ्याचा आधार घेण्यात आला. आयोग इतर निवडणुकांत व्यग्र आहे, २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीची तयारी चालू आहे, आणि निवडून येणाऱ्यास अल्पच काळ मिळेल, अशी कारणे पुढे आली. एका वर्षासाठी कशाला!

व्यग्रतेची गोष्ट जरा तपासून पाहू. केरळचे माजी मुख्यमंत्री ओमन चांडी १८ जुलै २०२३ रोजी निवर्तले. त्यांच्या पुथुप्पल्ली विधानसभा मतदारसंघात ५ सप्टेंबर रोजी मतदान झाले, म्हणजे पन्नास दिवसांच्या आत. जागा पुण्यानंतर साडेतीन महिन्यांनी रिकामी झाली आणि पुण्याआधी भरली गेली. पुणे तर त्या लोकसभेच्या अखेरपर्यंत भरले गेलेच नाही. अल्पकाळाची सबबही अशीच लंगडी. कर्नाटकातील मंड्या, शिमोगा आणि बळ्ळारी या लोकसभेच्या तीन जागा मे २०१८ मध्ये रिकाम्या झाल्या. तेव्हा उरलेला काळ वर्षाच्या काठावर होता, तरीही त्याच आयोगाने ३ नोव्हेंबर २०१८ रोजी तेथे मतदान घेतले. निवडून आलेल्यांस जेमतेम सहासात महिने मिळाले. त्या वेळी अल्पकाळ आडवा आला नाही. मग पुण्यालाच तो कसा आडवा आला?

पुण्यातील एका नागरिकाने हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने आयोगाची सबब नाकारून पोटनिवडणूक तातडीने घेण्याचा आदेश दिला. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या आदेशाला स्थगिती मिळाली. कारण तोवर खरोखरच वेळ उरलेला नव्हता. विलंब करणाऱ्याला विलंबाचेच फळ मिळाले, हे यातील सर्वांत क्लेशदायक. शेतकऱ्याने पाणी सोडायला उशीर करावा आणि मग रोपे करपली म्हणून पाण्याची गरजच उरली नाही असे सांगावे, तसा हा प्रकार.

रिकाम्या खुर्चीमुळे बिघडते काय, असे विचारणाऱ्यांना त्या चौदा महिन्यांत लोकसभेने काय काय केले ते आठवावे लागेल. ऑगस्ट २०२३ मध्ये मणिपूरच्या प्रश्नावर सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला आणि तीन दिवस चर्चा झाली. मणिपुरात मे महिन्यापासून घरे आणि चर्चेस जळत होती, आणि आपण इकडे त्या लोकांसाठी प्रार्थनासभा भरवीत होतो. त्या तीन दिवसांत पुण्याच्या सुमारे वीस लाख मतदारांच्या वतीने, ठरावाच्या बाजूने असो वा विरुद्ध, उभे राहून बोलणारे सभागृहात कोणीही नव्हते. सप्टेंबरात महिलांच्या आरक्षणाची घटनादुरुस्ती मंजूर झाली. डिसेंबरात, दीड शतकाची दंडसंहिता बाजूला सारणारे तीन फौजदारी कायदे लोकसभेने संमत केले. प्रत्येक वेळी पुणे गैरहजर, चंद्रपूर गैरहजर. हरयाणातील अंबाल्याची खुर्चीही अशीच मोकळी राहिली. एखादा खासदार स्वतः दांडी मारतो तेव्हा पुढच्या निवडणुकीत त्याला जाब विचारता येतो. येथे दांडी मारणारी यंत्रणाच होती.

ही चाल नवी नाही, हेही सांगितले पाहिजे. हेमवतीनंदन बहुगुणा यांनी १९८० साली काँग्रेस सोडली आणि पक्षाबरोबर गढवालची आपली लोकसभेची जागाही सोडली. पक्षांतरबंदीचा कायदा तेव्हा अस्तित्वात नव्हता, त्यामुळे हा त्यांचा नैतिक निर्णय होता. (आजच्या पक्षांतरवीरांनी ही गोष्ट उशाशी घेऊन झोपावे.) तेथील पोटनिवडणुकीचे मतदान १९८१ च्या जूनमध्ये झाले, आयोगाला ते रद्द करावे लागले, आणि अखेर १९८२ साली बहुगुणा पुन्हा निवडून आले. जवळजवळ दोन वर्षे गढवालला खासदार नव्हता. तेव्हा कायद्यात मुदत नव्हती. १९९६ साली सहा महिन्यांची मुदत घातली गेली ती असल्या चालढकलीला आळा बसावा म्हणून. परंतु दार बंद करताना खिडकी उघडी ठेवली गेली, आणि २०२३ मध्ये आयोग त्या खिडकीतून बाहेर पडला.

सत्ताधाऱ्यांना, मग ते कोणत्याही रंगाचे असोत, पोटनिवडणूक नकोशी का वाटते, हे समजण्यास राजकारणाचा पंडित असावे लागत नाही. १९८८ साली अलाहाबादच्या एका पोटनिवडणुकीतून विश्वनाथ प्रताप सिंग लोकसभेत आले, आणि १९८९ च्या डिसेंबरात पंतप्रधान झाले. जनतेची नाडी पाहण्याची ही एक संधी असते, आणि ज्याला ताप असल्याची शंका आहे तो वैद्याला टाळतोच. २०२३ मध्ये नेमके हेच मनात होते, असा आरोप आम्ही करीत नाही. मनातले जाणणारा वर आहे. परंतु आयोगाने सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणपत्र द्यावयाचे, या तरतुदीमुळे तसा संशय घेण्यास जागा राहते.

खर्चाचा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. जनतेच्या पैशाने वर्षभरासाठी एवढा खटाटोप का करावा, असे आमच्या परिचयातील काही विचारी माणसांनाही वाटते. त्यांना आमचे नम्र विचारणे असे की ही काटकसर आधी पुढाऱ्यांना का शिकवू नये? एक माणूस आजही दोन मतदारसंघांतून उभा राहू शकतो आणि दोन्हीकडे निवडून आल्यास एक जागा सोडून देतो. २०१४ मध्ये नरेंद्र मोदी यांनी वडोदरा सोडले, २०२४ मध्ये राहुल गांधी यांनी वायनाड सोडले, आणि दोन्ही ठिकाणी जनतेच्या खर्चाने पुन्हा निवडणूक झाली. ही मुभा बंद करा, किंवा निदान खर्च त्या उमेदवाराकडून घ्या, अशी शिफारस आयोगाने २००४ सालीच केली होती. विधी आयोगानेही २०१५ च्या आपल्या अहवालात एका उमेदवारास एकच जागा असावी असे म्हटले. कोणत्याही पक्षाने हालचाल केली नाही. पुढाऱ्याच्या सोयीसाठी होणारी पोटनिवडणूक परवडते. मृत्यूने पोरक्या झालेल्या मतदारांसाठी होणारी तेवढी महाग!

आता आमच्या घरची गोष्ट. प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय वाचकांनी पुन्हा उघडावा. यहूदाची जागा रिकामी झाली होती. येशूचे स्वर्गारोहण आणि पेंटेकॉस्ट यांमधले ते थोडे दिवस. माडीवर सुमारे एकशेवीस जण जमलेले, बाहेर भीतीचे वातावरण. अकरा प्रेषितांनी काम भागले नसते का? परंतु पेत्र उठला आणि ही जागा भरली पाहिजे असे त्याने सांगितले. पात्रतेची अटही त्याने सर्वांसमक्ष मांडली: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून स्वर्गारोहणापर्यंत जो आपल्याबरोबर वावरला तोच. दोन नावे पुढे आली, प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या आणि मथिया निवडला गेला. यात एक बारकावा आहे. येशूचे आप्त त्या मंडळीत हजर होते, तसा उल्लेख त्याच अध्यायात आहे. तरीही नात्याच्या बळावर ती जागा कोणाला देण्यात आली नाही.

आपल्याकडे काय होते? पालघरचे खासदार चिंतामण वनगा ३० जानेवारी २०१८ रोजी वारले. आदिवासींमध्ये आयुष्य घालविलेला साधा माणूस. त्यांच्या पक्षाने काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित यांना उभे केले, तर मित्रपक्ष म्हणविणाऱ्या शिवसेनेने दिवंगत खासदारांचे पुत्र श्रीनिवास यांना. गावित सुमारे साडेएकोणतीस हजार मतांनी निवडून आले, आणि २०१९ मध्ये तेच गावित शिवसेनेच्या चिन्हावर पुन्हा खासदार झाले. एका बाजूस पक्षनिष्ठेचा असा खेळ, दुसऱ्या बाजूस वारसा. पुथुप्पल्लीत पुत्र निवडून आला. नांदेडला वसंत चव्हाण यांच्या निधनानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये पुत्रच निवडून आला, तोही दीड हजारापेक्षा कमी मतांनी. पुत्र लायक नसतो असे आमचे म्हणणे नाही. परंतु मतदारसंघ ही सातबाऱ्यावरील वारसनोंद नव्हे, आणि दुखवट्याच्या घरातून थेट प्रचाराच्या गाडीवर चढविलेल्या त्या मुलाचीही आम्हांस कीव येते.

ख्रिस्तसभेच्या कायद्यातही या विषयी एक शहाणपण आहे. धर्मप्रांताची गादी रिकामी झाल्याचे कळल्यापासून आठ दिवसांच्या आत सल्लागार मंडळाने प्रशासक निवडला पाहिजे, असे नियम ४२१ सांगतो. आठ दिवस चुकले, तर नेमणुकीचा अधिकार मंडळाच्या हातून जाऊन प्रांतप्रमुख आर्चबिशपांकडे जातो. नवा बिशप मिळण्यास पुष्कळदा वर्ष लागते, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. परंतु मेंढरे तोवर वाऱ्यावर नसतात. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी प्रभुवासी झाले आणि ८ मे रोजी पोप लिओ चौदावे निवडले गेले. मुदत पाळली जाते, कारण ती चुकविण्याची किंमत मोजावी लागते. कलम १५१-क मध्ये नेमकी हीच उणीव आहे. सहा महिने उलटले तर आयोगाचे काहीही बिघडत नाही. तेव्हा आमची मागणी अशी: ते प्रमाणपत्र दिल्याच्या दिवशीच कारणांसह जाहीर व्हावे, त्यात सरकारचे मत कोणते आणि आयोगाचे कोणते हे वेगळे दिसावे, आणि त्याविरुद्धच्या अर्जाचा निकाल उच्च न्यायालयाने ठरावीक दिवसांत द्यावा. युद्ध वा महापूर यांखेरीज ‘कठीण’ या शब्दाचा अर्थ लावता येऊ नये.

ही मागणी करण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? येथे आम्ही पुन्हा त्या ओट्यापाशी येतो. मतदान करणे हे नैतिक कर्तव्य आहे, असे कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद २२४० स्पष्ट सांगतो, आणि त्यात मोठी निवडणूक व छोटी निवडणूक असा भेद नाही. पापनिवेदनात आम्ही काय ऐकतो हे सांगण्याची आम्हांस मुभा नाही. काय ऐकत नाही याबद्दलही मौनच बरे. परंतु पालघरची ती पोटनिवडणूक मे महिन्यात, लग्नसराईत, उन्हाच्या काहिलीत झाली, आणि मतदान जेमतेम निम्म्याच्या वर सरकले. त्या निवडणुकीत बुलेट ट्रेनचा आणि वाढवण बंदराचा विषय होता. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा, आपल्या पाणथळ जमिनींचा प्रश्न होता. ज्या वसईने पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी मोर्चे काढले, तिची माणसे त्या दिवशी हळदीच्या मांडवात होती. आम्ही धर्मगुरूही निर्दोष नाही. त्या रविवारी किती वेदींवरून मतदानाची साधी सूचना दिली गेली? आमच्या वेदीवरून दिली गेली ती शेवटी, क्रिकेट सामन्याच्या घोषणेनंतर.

कोणाला मत द्यावे, हे आम्ही सांगणार नाही. पक्षकार्यात भाग घेण्यास कायदा आम्हांस मनाई करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु जागा रिकामी झाली की सहा महिने मोजण्यास आम्हांस कोणी मनाई केलेली नाही. यापुढे आपल्या मतदारसंघात तशी वेळ आली, तर ज्या दिवशी सहा महिने भरतील ती तारीख धर्मग्रामाच्या फलकावर, विवाहाच्या घोषणांशेजारी लावली जाईल. आणि मतदानाच्या दिवशी सकाळची मिस्सा साडेसहाऐवजी साडेपाचला होईल. कॉफी मिस्सेनंतर नव्हे, मतदान करून आल्यावर मिळेल.