डुक्कर न खाणाऱ्यांच्या डोक्यातली गाठ

‘आमच्या सात पिढ्यांत कुणी डुकराला शिवलं नाही, मग डुकराचा किडा पोराच्या डोक्यात कसा?’ फिट आलेल्या मुलाचा एमआरआय हातात धरून असं विचारणारे बाप मी आपल्या बुलडाणा जिल्ह्यात पाहिले आहेत. डॉक्टर खोटा ठरतो आणि गाडी पिंपळगाव सराईला, सैलानी बाबांच्या दर्ग्याकडे वळते.

डुकराचं कच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टीसारखा लांब जंत वाढतो. त्याची अंडी त्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात. नाल्याच्या पाण्यावरची कोथिंबीर, न धुतलेले हात यांतून ती कुणाच्याही पोटात जातात आणि अळ्या रक्तातून मेंदूत पोचून गाठी धरतात. म्हणजे ही गाठ डुक्कर खाल्ल्याने होत नाही, माणसाची विष्ठा पोटात गेल्याने होते. न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यू कुटुंबांतही असे रुग्ण निघाले. १९९२ साली त्यावर शोधनिबंध आला. तेही डुक्कर खात नाहीत. तहारतीवर तासभर बयान करणारे आपले लोक मोहल्ल्यातल्या उघड्या नालीवर मात्र नगरपरिषदेला एक अर्ज देत नाहीत.

ही गाठ कॅन्सर नव्हे. एकच लहान गाठ असेल तर बहुधा काही महिन्यांत विरते, नाहीतर चुन्याचा बारीक खडा उरतो. तोवर फिटची गोळी रोज घ्यायची आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा स्कॅन करायचा. जंताचं औषध मेडिकलवरून परस्पर आणून देऊ नये. गाठ मरताना भोवती सूज येते, ती डॉक्टरच सांभाळू शकतो. डोकेदुखीसोबत उलट्या होऊ लागल्या, दिसायला धूसर झालं, तर त्याच दिवशी दवाखाना.

घोळ इथेच होतो. गाठ आपोआप विरत असते, गोळीने फिट थांबलेली असते आणि श्रेय जातं हाजरीला. मग गोळी सुटते, दुसरा स्कॅन राहतो, आणि एक दिवस पोरगं विहिरीच्या काठावर नाहीतर चुलीपाशी कोसळतं. दुआ मागायला जरूर जा, खिशात गोळ्या ठेवून.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत काढण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारणं गुन्हा ठरवलं. साप, कुत्रा, विंचू चावलेल्याचे औषधोपचार रोखून गंडेदोरे करणंही त्यात आहे. फिटच्या रुग्णाची गोळी बंद करायला लावणं मात्र त्या यादीत नावानिशी नाही. ते घाला, ही मागणी आधी आपण मुसलमानांनी करायला हवी.