लेकरू सांभाळायचे कोणी?

गेल्या महिन्यात अंथुर्ण्यातील एक आजी आपल्या नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. पोरगा पावणेदोन वर्षांचा, अंगाने गुटगुटीत, पण तोंडातून एक शब्द नाही. हाक मारली तर वळून बघत नव्हता. आजीच्या कमरेला लावलेला मोबाईल मात्र त्याला बरोबर ठाऊक होता. मी तो काढून टेबलावर ठेवला तेव्हा त्याने असा काही आकांत मांडला की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले.

घरची हकिकत साधीच होती. मुलाची आई बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, वडील वालचंदनगरला. सकाळच्या पाळीला सून दिवस उजाडायच्या आत घर सोडते. आजीचे गुडघे गेलेले. पोरगं अंगणात पळालं तर त्याच्या मागे धावणार कोण? म्हणून भरवताना मोबाईल, झोपवताना मोबाईल, आणि मधल्या वेळात टीव्ही.

मी थोडा रागावलो तेव्हा आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आमच्या येळंला असलं काय नव्हतं. आठ लेकरं मातीत खेळून वाढली. डॉक्टराची पायरी चढलो न्हाय."

मी विचारले, "आठातली हाती किती लागली, आजी?"

आजी बराच वेळ नातवाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाच."

वाचकहो, हा एक आकडा मी मुद्दाम सांगितला. मुलांना वाढवायची जुनी पद्धत चांगली की नवी, असा वाद आपल्याकडे पारावर रंगतो आणि लग्नाच्या पंगतीतही रंगतो. जुनी माणसे म्हणतात, आजकालच्या आयांना पोरं सांभाळता येत नाहीत. नव्या सुना म्हणतात, सासूबाईंना काही कळत नाही. वैद्यकीच्या धंद्यात पस्तीस वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की दोघींचेही निम्मे बरोबर आहे. पण ज्या मुद्द्यावर भांडायला हवे त्यावर दोघीही भांडत नाहीत.

आधी माझीच कबुली देतो. माझी थोरली मुलगी झाली तेव्हा मी नुकताच डॉक्टर झालो होतो. माझ्या शिक्षकांनी शिकवले होते की बाळाला घड्याळ लावून दर तीन तासांनी पाजावे, रडले की लगेच उचलू नये, नाहीतर सवय लागते. मी बायकोला तेच सांगितले. बाळ रडत राही आणि मी घड्याळाकडे बघत बसे. माझी आई शाळेची पायरी न चढलेली. ती एके रात्री चिडून म्हणाली, "अरे, तुला भूक घड्याळ बघून लागते का? मग त्या लेकरालाच का लागावी?" आईचे बरोबर होते. मूल मागेल तेव्हा पाजावे, त्यानेच दूध वाढते, हे आज जगभरचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. पण त्याच आईने पहिल्या दिवशी चीक पिळून टाकायला लावला असता आणि बाळाच्या जिभेवर मध ठेवला असता. तिथे मी आडवा पडलो. माझे तिथे बरोबर होते. पहिला पिवळसर चीक म्हणजे बाळाची पहिली लसच. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून तो देऊच नये. एकाच घरात, एकाच आठवड्यात, जुने एकदा जिंकले आणि एकदा हरले.

जगातल्या फार जुन्या पद्धतीने राहणाऱ्या लोकांचा अभ्यास शास्त्रज्ञांनी केला आहे. आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटात कुंग नावाचे शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणारे लोक होते. त्यांच्या आया तान्ह्या मुलाला दिवसभर अंगावर बाळगत आणि तासाला अनेकदा पाजत. रडले की लगेच कोणीतरी उचलत असे. काँगोच्या जंगलातील एफे लोकांत तर एका बाळाला दिवसातून कितीतरी बायका आळीपाळीने घेतात. ही वर्णने वाचताना मला आपल्या वाड्या-वस्त्या आठवल्या. मूल आईच्या मांडीवरून आजीच्या, तिथून आत्याच्या कडेवर, तिथून शेजारच्या काकूच्या ओसरीवर, असे हातोहात वाढायचे. प्रत्येकजण त्याच्याशी बोलायचा. भाषा येते ती अशी, माणसाच्या तोंडाकडे बघून.

पण त्याच अभ्यासांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अशा समाजांत जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी वयात येण्यापूर्वीच दगावत. आपलेही फार वेगळे नव्हते. भारतात १९७१ साली जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ वर्षाच्या आत जात होती. २०२० साली हा आकडा २८ वर आला, आणि महाराष्ट्रात तर १६ वर. हे लशीने, दवाखान्यातल्या बाळंतपणाने, मीठ-साखर-पाण्याने, आईच्या शिक्षणाने झाले. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या आजीने तीन लेकरे गमावली तिच्यासमोर मी "जुने ते सोने" कोणत्या तोंडाने म्हणू?

तेव्हा जुने काय ठेवावे आणि काय टाकावे, हे एकेका गोष्टीचे बघावे लागते. तेल लावून अंग चोळणे ठेवावे. नाकात-कानात तेल सोडणे टाकावे, कारण ते फुप्फुसात उतरू शकते. आई ज्या खोलीत निजते त्याच खोलीत बाळाने निजणे ठेवावे. पण बाळाला उताणे झोपवावे, पालथे नाही. कडेवर घेणे ठेवावे, त्यात पाय फाकलेले राहतात आणि खुब्याचे सांधे नीट बसतात. पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळणे टाकावे. बाळंतिणीच्या बंद खोलीतली शेगडी, डोळ्यांतले काजळ आणि जायफळ उगाळून झोपवणे ही तिन्ही टाकावीत.

नव्याचीही अशीच झाडाझडती घ्यावी. आपला लाकडी पांगुळगाडा आठवा. मूल त्याला धरून उभे राहते, ढकलते, पडते आणि चालायला शिकते. बाजारात मिळणाऱ्या चाकांच्या वॉकरमध्ये मूल बसलेले असते आणि पाय नुसते मागे मारते. त्याने चालणे लवकर येत नाही. उलट पायऱ्यांवरून पडून डोकी फुटतात. कॅनडाने २००४ साली या वॉकरवर बंदीच घातली. आपल्याकडे मात्र पांगुळगाडा माळ्यावर गेला आणि वॉकर बारशाला भेट म्हणून येऊ लागला. डब्याच्या दुधाचेही तसेच. गुबगुबीत बाळाची चित्रे दाखवून ते इतके खपवले गेले की अखेर १९९२ साली संसदेला कायदा करून त्याच्या जाहिरातींवर बंदी घालावी लागली.

इथपर्यंत बहुतेकांना पटेल. पण खरा प्रश्न पुढेच आहे. त्या आजीने नातवाच्या हातात मोबाईल दिला तो हौसेने नाही. तिच्या घरातले दोन कमावते हात पाळीच्या वेळेला बांधलेले आहेत, आणि मूल सांभाळायला जे तिसरे, चौथे, पाचवे हात पूर्वी घरात असत ते उरलेले नाहीत. कारखानदारीने मूल वाढवण्यात केलेला मोठा बदल माझ्या मते हाच आहे. बाटली, कपडे, खेळणी ही वरवरची गोष्ट झाली.

हे आजचे नाही. मुंबईत कापडगिरण्या निघाल्या तेव्हा कोकणातून, घाटावरून गेलेल्या बायका गिरणीत काम करू लागल्या. भोंगा झाला की तान्हे मूल चाळीच्या खोलीत ठेवून जावे लागे. गावाकडची सासू, जाऊ, नणंद तिथे नव्हती. मग बाळाने दिवसभर गप्प पडून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देत. तिला नाव होते "बाळगोळी". किती गोड नाव! त्या काळच्या सरकारी चौकशांत या गोळीची नोंद आहे. त्या आया दुष्ट होत्या का? मुळीच नाही. त्यांच्यापुढे दुसरा इलाज ठेवलाच नव्हता. म्हणूनच १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाच्या भरपगारी रजेची बाजू मांडली आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. मूल वाढवण्याचा भार एकट्या आईने वाहायचा नाही, ज्याला तिच्या कामाचा फायदा होतो त्यानेही तो उचलायचा, हे तत्त्व तिथे मान्य झाले.

मला आजचा मोबाईल ही नवी बाळगोळी वाटते. अफूइतकी ती विषारी नाही, हे कबूल. पण कारण तेच आहे: मोठ्या माणसाला काम आहे, तेव्हा मूल गप्प बसले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले की दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास. पडदा मुलाशी बोलतो, पण मुलाचे ऐकत नाही. मूल "बा" म्हणाले तर आजी "बाबा? बाबा कामाला गेले" असे म्हणते. मोबाईल असे म्हणत नाही.

आता आपल्या डोळ्यांसमोरचे दुसरे चित्र बघू. दिवाळी झाली की बीड आणि नगरकडून (म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडून) ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या भागात उतरतात. नवरा-बायको मिळून एक "कोयता". भल्या पहाटे, थंडीत, दोघेही फडात. बांधावर झाडाला साडीची झोळी बांधलेली असते, त्यात तान्हे, आणि शेजारी सात-आठ वर्षांची बहीण दोरी ओढत बसलेली. रस्त्याने जाणाऱ्याला वाटते, बघा, कशी आपली जुनी पद्धत टिकून आहे! मलाही पूर्वी तसेच वाटे. पण नीट पाहिले तर त्या झोळीत जुने फक्त कापड आहे. आजी गावाकडे राहिली, कारण तिला कोयता चालवता येत नाही. आईला पाजायला फडातून केव्हा येता येईल हे उचलीचा हिशेब आणि कारखान्याची गाडी ठरवते. मूल सांभाळणारी बहीण स्वतःच लेकरू आहे आणि तिची शाळा बुडाली आहे. हे मूलही पाळीवरच वाढते आहे. वसाहतीतल्या मुलाच्या हाती निदान मोबाईल असतो. या मुलाजवळ विंचू-काटा असतो आणि चुलीतला विस्तव असतो. भाजलेली, आव झालेली, वजन घटलेली अशी लेकरे दर हंगामात आम्हा डॉक्टरांसमोर येतात.

यावर उपाय नाही असे नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटी भावंडे असतात, हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. किती साधी गोष्ट! आज आपल्याकडे अंगणवाडी गावोगाव आहे, पण तिच्या वेळा आईच्या कामाच्या वेळांशी जुळत नाहीत, आणि तान्ह्यांसाठी तिथे सोय नसते. २०१७ सालच्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघराची तरतूद आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. पण छोट्या वर्कशॉपमधल्या, कंत्राटावरच्या आणि फडातल्या बाईपर्यंत ही तरतूद पोचते का, हे ज्याने त्याने आपल्या शेजारी विचारून बघावे.

माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. ऊसतोडीचा मुक्काम पडतो तिथे हंगामापुरते तरी एक पाळणाघर असावे. ते कारखान्याने चालवावे, ग्रामपंचायतीने जागा द्यावी. अंगणवाडी संध्याकाळपर्यंत उघडी राहावी आणि तिथल्या ताईंना त्याचे मानधन मिळावे. आणि तिसरी गोष्ट बापांसाठी. तुकोबारायांची पालखी आपल्या गावावरून जाते तेव्हा कितीतरी वारकरी बाप लेकराला खांद्यावर घेऊन चालताना मी पाहतो. वारीत जे जमते ते घरी का जमू नये? दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या बापाने सकाळचे दोन तास मूल सांभाळले, त्याला भरवले, त्याच्याशी बोलला, तर त्याला कोणत्याही शास्त्रज्ञाच्या सल्ल्याची गरज उरणार नाही.

त्या आजींच्या नातवाचे पुढे काय झाले ते सांगतो. आधी त्याचे कान तपासून घेतले, कारण बोलणे लांबण्यामागे ऐकू न येणे किंवा इतरही कारणे असू शकतात आणि ती चुकवून चालत नाहीत. कान ठीक निघाले. मग आई-वडिलांना बोलावले. वडिलांनी पाळी बदलून घेतली. मोबाईल आजीच्या कमरेवरून कपाटात गेला. शेजारच्या घरातल्या दोन मुली शाळेतून आल्या की त्याला अंगणात नेऊ लागल्या. परवा आजी त्याला पुन्हा घेऊन आल्या. टेबलावरचा माझा स्टेथोस्कोप ओढत तो म्हणाला, "दे."

एकच शब्द. त्याला अजून पुष्कळ पल्ला गाठायचा आहे आणि पुढच्या तपासण्याही चालू आहेत. पण आजींच्या डोळ्यांत पाणी आले. मी स्टेथोस्कोप दिला.