लाल अक्षरांच्या मागे

बीसीए, बीएस्सी किंवा इंजिनिअरिंगला गेलेली मुले-मुली आता आपल्याकडे घरोघरी दिसतात. त्यांतल्या पुष्कळांची प्रोग्रॅमिंगशी ओळख पायथन या भाषेतून होते. भाषा सोपी आणि सुटसुटीत, त्यामुळे पहिले काही महिने मजेत जातात. मग एके दिवशी एखादे तयार पॅकेज बसवताना पडद्यावर लाल अक्षरांची रांग लागते. ‘पायथन डॉट एच’ ही फाइल सापडत नाही, अशी कुठे तक्रार असते. विंडोजवर ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस’ची मागणी होते. मुलगी गोंधळते. मी पायथन शिकते आहे, मग मध्येच हा सी कुठून आला? अम्मी-अब्बांना विचारून उपयोग नसतो. दोन-तीनदा असे झाले की ती मनाशी ठरवते, हे आपल्या आवाक्यातले नाही. फी भरलेली असते, हुशारीही असते, पण हिंमत जाते. म्हणून या महिन्यात आम्ही त्या लाल अक्षरांविषयीच लिहीत आहोत.

आधी सीचे नाते समजून घेऊ. सी भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवली. पायथन नेदरलँड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांची. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. आपण सगळे जो पायथन वापरतो, तो स्वतःच सीमध्ये लिहिलेला आहे. पायथन चालताना पावलोपावली तपासत जातो, की ही वस्तू संख्या आहे, अक्षरे आहेत की यादी. त्यामुळे लिहिणाऱ्याला सोपे जाते, पण तेच काम लाखो वेळा करायचे झाले की वेग मंदावतो. सीचा प्रोग्रॅम मात्र कंपायलर आधीच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवतो. म्हणून जड काम सीमध्ये लिहायचे आणि पायथनमधून त्याला हाक मारायची, अशी पद्धत रुळली. अशा सीमधल्या जोडभागाला एक्स्टेन्शन म्हणतात. नमपाय हे गणिताचे प्रसिद्ध पॅकेज घ्या. त्याचा गाभा सीमध्येच आहे. म्हणजे नमपाय वापरणारी प्रत्येक मुलगी नकळत रोज सी वापरते.

एरवी हे कळत नाही, कारण पॅकेज करणारे लोक कंपाइल केलेला तयार गठ्ठा देतात. त्याला ‘व्हील’ म्हणतात. आपल्या पायथनच्या आवृत्तीसाठी व्हील नसेल, तर पिप मूळ सी कोड उतरवून घेतो आणि आपल्याच संगणकावर कंपाइल करायला बसतो. कंपायलर नसला की लाल अक्षरे उमटतात. म्हणून पहिला उपाय साधा आहे. पायथनची अगदी ताजी आवृत्ती घेतली असेल, तर तिच्यासाठी व्हील अजून आलेले नसू शकते. एखादी आवृत्ती मागची घेऊन पाहावी.

दुसरा उपाय म्हणजे हत्यारे घरात आणणे. उबुंटूवर ‘बिल्ड-एसेन्शियल’ आणि ‘पायथन-थ्री-डेव्ह’ ही दोन पॅकेजेस बसवावीत. पहिल्यात कंपायलर येतो, दुसऱ्यात ती हरवलेली ‘पायथन डॉट एच’. विंडोजवर मायक्रोसॉफ्टची ‘बिल्ड टूल्स’ घ्यावीत आणि बसवताना सी प्लस प्लसचा पर्याय निवडावा. मॅकवर ‘एक्सकोड कमांड लाइन टूल्स’. विद्यार्थ्याला यांपैकी कशालाही पैसे पडत नाहीत. विंडोजची टूल्स मात्र काही जीबींची आहेत. मोबाइलच्या डेटावर उतरवू नयेत, कॉलेजचे वायफाय बरे.

एवढ्याने पॅकेज बसेल. पण आमचा आग्रह आहे, की मुलांनी याच्या पुढे एक पाऊल टाकावे आणि एक छोटे एक्स्टेन्शन स्वतः लिहावे. दोन संख्यांची बेरीज करणारे असले तरी चालेल. त्या सी फाइलमध्ये चारच गोष्टी लागतात. सर्वांत वर ‘पायथन डॉट एच’चा समावेश करायचा. मग बेरजेचे फंक्शन. त्यानंतर फंक्शनांच्या नावांचा तक्ता; त्याची शेवटची ओळ रिकामी ठेवायची, कारण तक्ता कुठे संपला हे पायथनला तिच्यावरूनच कळते. शेवटी मॉड्यूलची माहिती आणि ते सुरू करणारे फंक्शन. त्याचे नाव ‘पायइनिट’, अंडरस्कोर आणि मॉड्यूलचे नाव असेच हवे. मॉड्यूलचे नाव ‘बेरीज’ आणि येथे दुसरेच काही, असे झाले तर कंपाइल होईल, पण इंपोर्ट होणार नाही.

शेजारी ‘सेटअप डॉट पीवाय’ ही छोटी पायथन फाइल ठेवावी. तिच्यात सेटअपटूल्सच्या मदतीने मॉड्यूलचे नाव आणि सी फाइलचे नाव सांगायचे. जुन्या पुस्तकांत येथे डिस्टयुटिल्स दिसेल. ते पायथन ३.१२ पासून, म्हणजे २०२३ पासून, काढून टाकले आहे. वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावे, इंटरनेट चालू ठेवावे, त्याच फोल्डरमध्ये जाऊन ‘पिप इन्स्टॉल’ लिहावे, एक जागा सोडून टिंब द्यावे. टिंब म्हणजे ‘हेच फोल्डर’. लिनक्सवर ‘एसओ’ आणि विंडोजवर ‘पीवायडी’ शेपटीची फाइल तयार होते. मग पायथन उघडून २ आणि ३ द्यावेत. ५ उमटला की मुलाचा चेहरा पाहावा!

बेरजेच्या फंक्शनमध्ये खरे काम तर्जुम्याचे आहे. ‘पायआर्ग-पार्सटपल’ पायथनने दिलेल्या वस्तू सीच्या संख्यांत उतरवतो. उत्तर ‘पायलाँग-फ्रॉमलाँग’ पुन्हा पायथनच्या भाषेत नेतो. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना आम्ही मुलांना सांगतो, की सारख्या दिसणाऱ्या शब्दाला जपा. उर्दूत ‘खाली’ म्हणजे रिकामे, मराठीत ‘खाली’ म्हणजे तळाशी. पायथन आणि सी यांची पूर्ण संख्या अशीच आहे. पायथनची संख्या मेमरी पुरेल तितकी वाढते. सीच्या ‘लाँग’ला मर्यादा आहे, विंडोजवर ती २,१४,७४,८३,६४७ इतकीच. त्यापेक्षा मोठी संख्या दिली, तर तर्जुमा करतानाच पायथन अडवतो. पण आत सीमध्ये केलेली बेरीज मर्यादेबाहेर गेली, तर कोणी टोकत नाही, उत्तर गुपचूप चुकते. म्हणून मर्यादा आपणच तपासायची.

दुसरी जबाबदारी अमानतीची. पायथन प्रत्येक वस्तूचा हिशेब ठेवतो, की किती जणांनी तिला धरून ठेवले आहे. हा आकडा शून्यावर आला की वस्तू मोडीत निघते. पायथनमध्ये हा हिशेब आपोआप चालतो, सीमध्ये तो आपल्या माथी येतो. ‘पायलिस्ट-गेटआयटेम’ने यादीतून वस्तू घेतली तर ती उसनी असते, तिच्यावर आपला हक्क नाही. ‘पायसिक्वेन्स-गेटआयटेम’ने घेतली तर ती आपल्या नावावर चढते आणि काम झाल्यावर ‘पाय-डेकरेफ’ने सोडावी लागते. सोडायची राहिली तर मेमरी अडकून पडते. उसनी वस्तू आपली समजून सोडली तर पूर्ण पायथनच कोसळू शकतो, आणि तोही कधी-कधी भलत्याच ठिकाणी. उसने काय आणि आपले काय, हा फरक आपल्या घरांत मुलांना लहानपणीच शिकवला जातो. येथे तोच उपयोगी पडतो.

आई-वडिलांना यातले तांत्रिक काही येत नसले तरी एक मदत करता येते. मूल लाल अक्षरांसमोर हताश बसले असेल, तर त्याला म्हणावे, ‘काय लिहिलंय ते मला आपल्या भाषेत सांग बेटा.’ रांगेच्या तळाशी असते ते बहुधा नुसते ‘जमले नाही’. खरे कारण वर असते, जिथे ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा आला तिथे. ती एक ओळ मुलाने मोठ्याने वाचावी आणि तिचा अर्थ सांगावा. ‘अमुक फाइल मिळाली नाही’, एवढे त्याच्या तोंडून आले की पुढचा प्रश्न तो स्वतःच विचारील : मग ती फाइल कशात मिळते?