विश्वभारती : कुंपणाच्या आत आणि बाहेर

पश्चिम बंगालच्या वीरभूम जिल्ह्यातील शांतिनिकेतन येथे बंगाली पंचांगानुसार पौष महिन्याच्या सातव्या दिवशी भरणारा पौष मेळा २०२४ साली पुन्हा विश्वभारती विद्यापीठ आणि शांतिनिकेतन न्यास यांच्या पुढाकाराने पूर्वपल्लीच्या मैदानावर भरला. विद्यापीठाने आयोजित केलेला यापूर्वीचा मेळा २०१९ सालचा होता. मधल्या काळात मैदानाभोवतीचे कुंपण, विद्यापीठातून जाणारा रस्ता आणि जमिनीची मालकी यांवरून विद्यापीठ व स्थानिक रहिवासी यांच्यात उभा राहिलेला वाद न्यायालयापर्यंत गेला.

मेळा परतला, तरी वादामागील प्रश्न कायम आहे. सार्वजनिक निधीतून चालणारे आणि विस्तारत जाणारे विद्यापीठ आपल्या शेजारच्या गावाचे किती देणे लागते, हा तो प्रश्न होय. देशातील अनेक विद्यापीठांपुढे तो आहे. विश्वभारतीच्या बाबतीत त्याला अधिक धार आहे, कारण गावाशी असलेले नाते हाच या संस्थेच्या स्थापनेचा एक आधार होता.

आश्रमापासून विद्यापीठापर्यंत

रवींद्रनाथ ठाकूर यांचे वडील महर्षी देवेंद्रनाथ यांनी १८६३ साली रायपूरच्या जमीनदारांकडून बोलपूरजवळची वीस बिघे जमीन कायमच्या पट्ट्याने घेतली. १८८८ साली त्यांनी केलेल्या न्यासपत्रात येथे दरवर्षी मेळा भरवण्याची तरतूद होती. म्हणजे विद्यापीठ तर दूरच, शाळाही अस्तित्वात येण्यापूर्वी मेळ्याची कल्पना कागदावर आली होती. १८९४ पासून हा मेळा भरू लागला.

रवींद्रनाथांनी १९०१ साली पाच विद्यार्थ्यांसह येथे शाळा सुरू केली. २३ डिसेंबर १९२१ रोजी विश्वभारतीची रीतसर स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १९२२ रोजी, सुमारे तीन किलोमीटरवरील सुरूल गावात ग्रामपुनर्रचनेचे केंद्र उभे राहिले. तेच श्रीनिकेतन. इंग्रज कृषितज्ज्ञ लेनर्ड एल्महर्स्ट हे त्याचे पहिले संचालक होते.

श्रीनिकेतनाची कार्यपद्धती त्या काळी नवी होती. गावातील अडचणी अभ्यासासाठी वर्गात आणायच्या, प्रयोगशेतीत त्यांवर उपाय शोधायचा आणि तो उपाय पुन्हा गावकऱ्यांच्या हाती द्यायचा, असे तिचे सूत्र होते. मलेरियाशी सामना करण्यासाठी सहकारी आरोग्य संस्था स्थापन झाल्या. गावोगावच्या मुलांची सेवापथके तयार झाली. १९२४ साली शिक्षासत्र ही ग्रामीण मुलांसाठीची शाळा सुरू झाली. कालीमोहन घोष यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावांची पाहणी केली. १९२८ साली सुरू झालेला हलकर्षण हा नांगरणीचा उत्सव आजही विद्यापीठाच्या दिनदर्शिकेत आहे.

या कामाचा परिणाम परिसराच्या अर्थव्यवस्थेवर झाला. श्रीनिकेतनाच्या शिल्पभवनातून चामड्यावरील नक्षीकाम आणि बाटिक यांचे शिक्षण गावांत पोचले. शांतिनिकेतनच्या चर्मवस्तूंना भौगोलिक निर्देशांक मानांकन मिळाले असून या परिसरातील अनेक कुटुंबांची उपजीविका अशा कारागिरीवर चालते. कलाभवनाच्या आवारातील रामकिंकर बैज यांचे 'संथाल कुटुंब' हे १९३८ सालचे शिल्प शेजारच्या संथाल वस्त्यांशी असलेल्या नात्याची साक्ष देते. मराठी वाचकांना या परिसराची ओळख आहे ती बरीचशी पु. ल. देशपांडे यांच्यामुळे. बंगाली शिकण्यासाठी ते काही काळ शांतिनिकेतनात राहिले होते. कोल्हापूरचे चित्रकार विनायक मासोजी हे तर कलाभवनाचे विद्यार्थी आणि पुढे शिक्षकही होते.

कायद्याची चौकट

रवींद्रनाथांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, १९५१ साली, संसदेने विश्वभारती कायदा संमत केला. संस्थेला राष्ट्रीय महत्त्व आणि केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. प्रथेनुसार पंतप्रधान तिचे आचार्य, म्हणजे कुलपती, असतात. श्रीनिकेतनाचे ग्रामपुनर्रचनेचे कामही याच चौकटीत आले.

या बदलाचे दोन परिणाम झाले. संस्थेची आर्थिक विवंचना मिटली आणि नवे विभाग, वसतिगृहे व प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. मात्र त्याबरोबरच सरकारी संस्थेचे नियमही आले. पदे, अनुदान, लेखापरीक्षण, सुरक्षा आणि मालमत्तेच्या नोंदी यांना महत्त्व आले. झाडाखाली भरणारा वर्ग आणि वाटेने जाणारा गावकरी यांच्यामध्ये पूर्वी कोणतीही सीमारेषा नव्हती. ज्या संस्थेला आपल्या इंचन् इंच जमिनीचा हिशेब द्यावा लागतो, तिला मात्र सीमारेषा आखावीच लागते.

दुसरीकडे परिसरही बदलत गेला. कोलकात्याहून रेल्वेने काही तासांत पोचता येत असल्याने शांतिनिकेतन हे सुटीचे ठिकाण बनले. दुसरे घर बांधू इच्छिणाऱ्यांनी जमिनी घेतल्या. हॉटेले आणि विश्रामगृहे वाढली. तांबड्या मातीच्या धुपेतून तयार झालेल्या 'खोवाई' या घळींच्या प्रदेशातही बांधकामे होऊ लागली. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००५ साली न्यायालयाने विश्वभारतीच्या परिसराचे वैशिष्ट्य जपण्याची गरज अधोरेखित केली. म्हणजे परिसरावरील आक्रमण हा केवळ विद्यापीठाचा कांगावा नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

भिंतींचा काळ

मार्च २००४ मध्ये रवींद्रभवनाच्या संग्रहालयातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक चोरीस गेले. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवण्यात आला, परंतु पदक हाती लागले नाही. या घटनेनंतर सुरक्षेचा विचार अग्रक्रमावर आला आणि आवारात कुंपणे व फाटके वाढत गेली. जुने आश्रमवासी त्याबद्दल नाराजी व्यक्त करीत राहिले.

नाराजीचा उद्रेक २०२० साली झाला. मेळ्यातील कचरा आणि प्रदूषणाचा प्रश्न त्यापूर्वीच राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला होता. ठरलेल्या मुदतीनंतरही व्यापारी मैदान सोडत नाहीत आणि कायदेशीर कारवाईला मात्र विद्यापीठाला तोंड द्यावे लागते, अशी विद्यापीठाची तक्रार होती. जुलै २०२० मध्ये यापुढे मेळा भरवणे शक्य नसल्याची भूमिका विद्यापीठाने घेतली. ऑगस्टमध्ये मैदानाभोवती कुंपण घालण्याचे काम सुरू झाले. १७ ऑगस्ट रोजी मोठ्या जमावाने तेथे येऊन बांधकामाची मोडतोड केली आणि एक फाटक पाडले. राज्यातील तत्कालीन सत्ताधारी पक्षाचे स्थानिक नेते जमावात असल्याचा आरोप झाला. पुढे कोलकाता उच्च न्यायालयाने या प्रकरणी समिती नेमली.

त्याच वर्षअखेर रस्त्याचा वाद उभा राहिला. शांतिनिकेतन आणि श्रीनिकेतन यांना जोडणारा रस्ता राज्य सरकारने २०१७ साली विद्यापीठाकडे सोपवला होता. विद्यापीठाने वाहतुकीवर घातलेल्या निर्बंधांविषयी रहिवाशांनी तक्रारी केल्या आणि ममता बॅनर्जी यांच्या सरकारने तो परत घेतला. जड वाहनांच्या हादऱ्यांनी जुन्या वास्तूंना धोका पोचतो, असे विद्यापीठाचे म्हणणे होते. रोजच्या जाण्यायेण्याची वाटच अडवली जाते, असे रहिवाशांचे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते.

जमिनीच्या वादाने २०२३ साली देशाचे लक्ष वेधले. नोबेल पुरस्कारप्राप्त अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांच्या 'प्रतीची' या घराच्या आवारातील १३ डेसिमल, म्हणजे एक अष्टमांश एकराहून किंचित अधिक, जमीन अनधिकृतपणे व्यापलेली असल्याचा दावा करून विद्यापीठाने ती रिकामी करण्याचा आदेश काढला. सेन यांनी तो नाकारला. जानेवारी २०२४ मध्ये वीरभूमच्या जिल्हा न्यायालयाने सेन यांच्या बाजूने निर्णय दिला.

मेळा नसण्याची किंमत

या वादांत राजकारणाचा भाग मोठा होता. विद्यापीठ केंद्राच्या अखत्यारीतील आणि राज्यात केंद्राच्या विरोधी पक्षाचे सरकार, अशा स्थितीत प्रत्येक भिंतीला पक्षाचा रंग लागला. परंतु केवळ राजकारणाच्या चष्म्यातून पाहिल्यास मूळ प्रश्न नजरेआड होतो.

पौष मेळा ही ग्रामीण कारागिरांची वर्षातील मोठी बाजारपेठ आहे. कांथा भरतकाम करणाऱ्या स्त्रिया, डोकरा धातूकाम करणारे, मातीची भांडी घडवणारे, एकतारी घेऊन येणारे बाउल गायक आणि खाद्यपदार्थांची दुकाने मांडणारे यांच्यासाठी मेळा म्हणजे हंगाम असतो. विद्यापीठाच्या दृष्टीने मेळा ही व्यवस्थापनाची जबाबदारी ठरते, तर या माणसांच्या दृष्टीने ती मिळकत असते. विद्यापीठाने हात काढून घेतल्यावर बोलपुरात दुसऱ्या मैदानावर पर्यायी मेळा भरवण्यात आला. २०२३ साली जिल्हा प्रशासनाने तो पूर्वपल्लीच्या मैदानावर आणला. विद्यापीठाशिवाय मेळा भरू शकतो, हे त्यातून दिसले. प्रश्न उरतो तो मेळ्याशिवायच्या विद्यापीठाचा. गावाशी वर्षानुवर्षे टिकलेला हा दुवा निखळल्यास इतर विद्यापीठांहून त्याचे वेगळेपण कशात राहील?

वसंतोत्सवाबाबतही असेच घडले. आवरेनाशी झालेली गर्दी हे त्यामागील खरे कारण होते. २०२० सालचा उत्सव कोविडच्या साथीमुळे रद्द झाला आणि त्यानंतर विद्यापीठाने तो आपल्या वर्तुळापुरता ठेवला. गर्दीवरचा हा उपाय सोपा होता. पण गर्दी करणारा पर्यटक आणि पिढ्यान्पिढ्या उत्सवात सहभागी होणारा शेजारी यांच्यात त्याने भेद केला नाही.

वारसा आणि जबाबदारी

१७ सप्टेंबर २०२३ रोजी युनेस्कोने शांतिनिकेतनचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. या सन्मानासोबत बंधनेही आली. वारसास्थळाभोवतीच्या संरक्षक क्षेत्रात विद्यापीठाच्या आवाराबाहेरची वस्तीही येते. तेथील बांधकामे, रस्ते, वाहतूक आणि पर्यटन यांचे नियमन विद्यापीठाला एकट्याने करता येणार नाही. त्यासाठी नगरपालिका, ग्रामपंचायती, जिल्हा प्रशासन आणि रहिवासी यांची साथ लागेल. म्हणजे ज्या शेजाऱ्यांशी विद्यापीठाचा वाद झाला, त्यांच्या सहकार्यावरच वारशाचे जतन अवलंबून आहे.

देशभरातील चित्र पाहता विश्वभारतीचा अनुभव एकट्या वीरभूमपुरता नाही. २००९ च्या केंद्रीय विद्यापीठ कायद्यानंतर अनेक राज्यांत, बहुधा शहराबाहेर, विस्तीर्ण जागांवर नवी विद्यापीठे उभी राहिली. जमीन मिळाल्यावर पहिले बांधकाम बहुतेक वेळा संरक्षक भिंतीचे असते. गुरांची वाट, पाणवठा, जत्रेची जागा या गोष्टी नकाशावर नसतात आणि वाद सुरू झाल्यावरच त्यांचा शोध लागतो. गावाशी संबंध म्हणजे सेवा योजनेचे शिबिर, एवढाच अर्थ पुष्कळ ठिकाणी उरतो.

श्रीनिकेतनाने शंभर वर्षांपूर्वी याहून वेगळी रीत घालून दिली होती. गावाचा प्रश्न हा विद्यापीठाच्या अभ्यासाचाच विषय मानावा, अशी ती रीत होती. मेळ्यातील कचरा, पर्यटनाने पडणारा पाण्यावरील ताण, खोवाईची धूप, कारागिरांची बाजारपेठ हे आजचे प्रश्न त्या रीतीत सहज बसतात. शेती, पर्यावरण, समाजकार्य आणि कला या सर्व विषयांचे अध्यापन करणाऱ्या विद्यापीठाकडे त्यांवर काम करण्याची साधनेही आहेत.

मेळा पूर्वपल्लीला परतल्याने संवादाची वाट मोकळी झाली आहे. पण मैदान कोणत्या दिवशी कोणासाठी खुले असेल, स्वच्छतेची जबाबदारी कोण घेईल आणि रस्त्यावरून कोणती वाहने कोणत्या वेळी जातील, हे लेखी आणि सर्वांच्या संमतीने ठरल्याशिवाय दर हिवाळ्यात हा वाद नव्याने डोके वर काढत राहील. न्यायालय जमिनीची हद्द ठरवू शकते. शेजार कसा असावा, हे मात्र विद्यापीठ आणि गाव यांनाच एकत्र बसून ठरवावे लागेल.