पोस्टकार्डावरचा घोडा



परवा हिवरे बाजारला जाऊन आलो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, कमी पावसाच्या पट्ट्यातलं हे गाव. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच म्हणून निवडून आले आणि गावाचं रूपच पालटलं, हे तुम्ही वाचलं असेल. पावसाळा सरला की पाऊस किती झाला, जमिनीत पाणी किती, याचा इथे हिशोब मांडतात आणि मग कोणती पिकं घ्यायची ते ठरवतात. बोअरचं पाणी शेतीला घ्यायचं नाही, हा गावाचा नियम. का? तर जमिनीखालचं पाणी दिसत नाही. मी उपसलं तर शेजाऱ्याची विहीर आटते, आणि त्याला कळतही नाही कोणामुळे!

हे ऐकलं आणि मला चक्क बुद्धिबळ आठवलं. हसू नका, सांगतो.

पूर्वी लोक पत्राने बुद्धिबळ खेळत. पट दोघांच्या घरी मांडलेला, चाल कार्डावर लिहायची आणि पेटीत टाकायची. १८२४ ते १८२८ अशी चार वर्षं लंडन आणि एडिंबरो इथल्या क्लबांचा असा सामना रंगला होता. मध्येच लंडनकरांना आपली पाठवलेली चाल चुकल्याचं उमगलं. त्यांनी ती मागे घेण्यासाठी पत्र धाडलं. एडिंबरोने साफ नकार दिला. पेटीत पडलं की पडलं! सामना शेवटी एडिंबरोनेच जिंकला. आपल्याकडेही मद्रास आणि हैदराबाद यांच्यात असे दोन डाव झाले. मद्रासची बाजू गुलाम कासिम सांभाळत होते. त्यावरचं पुस्तक १८२९ मध्ये निघालं.

शाळेत असताना मीही असा खेळलो. वर्गमित्राच्या वडिलांची बदली झाली, म्हणून आम्ही कार्डावर डाव मांडला. चाल आकड्यांत लिहायची. पटाच्या उभ्या रांगांना डावीकडून १ ते ८ आकडे, आडव्यांनाही खालून तसेच. म्हणजे ५२५४ लिहिलं की राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. प्रत्येक कार्डावर समोरच्याची आधीची चाल पुन्हा लिहायची, म्हणजे घोटाळा होत नाही. शिवाय कार्ड कधी मिळालं आणि उत्तर कधी टाकलं, या दोन्ही तारखा. दहा चालींना तीस दिवस, टपालाचा प्रवास त्यात धरायचा नाही. पुस्तकं बघायला परवानगी, दादाला विचारायला बंदी.

चौदाव्या चालीला त्याचा घोडा असा येऊन बसला की राजाला शह आणि हत्तीवरही डोळा! मी कार्ड दप्तरात लपवलं. दहा दिवस गप्प. मग उत्तर लिहिताना मिळाल्याची तारीख दहा दिवस पुढची टाकली आणि वर "टपालाला फार उशीर झाला रे" असंही लिहिलं. आमच्या टपालाचा शिक्का होता त्या कार्डावर, पण कार्ड माझ्याकडे. त्याला दिसणार कसा?

त्याचं उत्तर आलं. "कार्ड हरवलं की काय म्हणून मी रोज पोस्टमनकाकांना विचारत होतो. यापुढे दोन-दोन कार्डं टाकीन." खाऊच्या पैशातून!

रात्री झोप लागली नाही. सकाळी सगळं खरं लिहून टाकलं. ते दहा दिवस माझ्या वेळेतून काप, असंही.

आता मोबाइलवर क्षणात चाल पोचते. तरी दिवसाला एक चाल अशा बेताने खेळणारे खूप आहेत. खोटी तारीख टाकता येत नाही, कारण वेळ यंत्रच मोजतं. पण शेजारच्या खिडकीत बुद्धिबळाचा प्रोग्राम उघडा आहे का, ते कुणाला दिसतंय? १९५१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पत्रबुद्धिबळ संघटनेच्या स्पर्धांत संगणकाची मदत आज चालते. इतर बऱ्याच ठिकाणी चालत नाही. तेव्हा मामेभावाशी डाव मांडण्याआधीच काय चालेल ते बोलून घ्या. आणि आई-बाबा, तुम्ही मागून हळूच चाल सुचवू नका हं!

माझ्या डावाचं काय झालं? त्याने दहा दिवस कापले. हत्ती गेलाच. पुढे काही महिने कसाबसा तग धरला आणि मग "डाव सोडला" असं कार्ड टाकलं. उलट टपाली त्याचं कार्ड आलं. त्यावर एवढंच होतं :

नवा डाव. १) ५२५४.